मागच्या आसाचे दात

म्हैसूरचा आषाढ हा पावसाचा महिना नाहीच, वाऱ्याचा महिना आहे. पाऊस आपला सगळा भार कोडगूच्या डोंगरांत सांडून येतो आणि आमच्या वाट्याला चाळणीतून गाळल्यासारखी भुरभूर उरते. वारा मात्र सगळाच्या सगळा येतो. बोगादीच्या बाजूने मोकळ्या प्लॉटांवरची धूळ घेऊन निघतो आणि जयलक्ष्मीपुरमच्या आमच्या गल्लीत शिरला की दिवसभर कुणाचं ना कुणाचं दार आपटत राहतं. दोरीवरचे कपडे पीळ पडून दोरीलाच गुंडाळले जातात. या महिन्यात इकडे लग्नं होत नाहीत, नव्या सुनांना माहेरी धाडतात, कुणी नवं काम हातात घेत नाही. माणसं हात बांधून बसतात, आणि नुसत्या बसलेल्या माणसाला वारा जास्तच लागतो.

यंदा तो पुन्हा आलाय. सकाळपासून मी तीनदा उठून खिडकी लावली. दोन ओळी लिहिते की उठते. चहा ठेवते, विसरते. ही उठबस माझ्या ओळखीची आहे. तीन वर्षांपूर्वीच्या आषाढात मी याच घरात अशीच येरझाऱ्या घालत होते.

तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. पुण्यातल्या कंपनीने आमचा विभागच बंद केला आणि मी ‘चार दिवस’ म्हणून माहेरी आले. चाराचे चाळीस झाले. दुसऱ्या एका ठिकाणी मुलाखत दिली होती, त्यांचं उत्तर यायचं होतं. दर दहा मिनिटांनी फोन बघायचा आणि उलटा ठेवायचा, एवढाच उद्योग. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत शिपाई म्हणून आलेले. तेव्हापासून घरात मराठी टिकली खरी, पण कानडीच्या सारात बुडून. पुण्यात वीस वर्षं राहून माझी मराठी धुऊन निघाली होती. आई-अप्पा बोलायला लागले की मला धुतलेल्या कपड्यांत घरी आल्यासारखं अवघडायला व्हायचं.

पण माझ्यापेक्षा अस्वस्थ होते अप्पा. वय सत्त्याहत्तर. कारखान्याच्या टूलरूममध्ये फोरमन म्हणून आयुष्य गेलेलं. मिलिमीटरचा शंभरावा भाग हा त्यांच्या बोलण्यातला रोजचा शब्द. त्या दिवसांत ते पेपर उघडायचे आणि लगेच घडी घालायचे. टीव्ही लावायचे आणि खिडकीकडे तोंड करून ऐकायचे. मग उठून मागच्या शेडकडे जायचे, गाडीभोवती एक फेरी मारून परत यायचे.

ती गाडी म्हणजे साठ सालच्या आसपासची, दोनच माणसांची, उघडी विलायती स्पोर्ट्स कार. रंग कच्च्या कैरीचा. मी आठवीत असताना अप्पांनी ती कोडगूतल्या एका कॉफीच्या मळ्यातून आणली. मळ्याच्या गोदामात ती इतकी वर्षं पडून होती की सीटवर कोंबडी अंडी घालायची. तीन वर्षं रविवार रविवार खपून अप्पांनी तिला उठवलं. बॅटरीचा उजेड धरायला मी असायची. मागच्या आसातल्या तेलाचा तो गंधकासारखा उग्र वास माझ्या शाळेच्या वह्यांनाही यायचा.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली. मळ्याच्या मालकाने तिच्या मागच्या आसात घाटासाठीचे दात बसवून घेतले होते. आसाच्या पोटात दोन चाकं असतात, मोठं क्राऊन आणि छोटं पिनियन. इंजिनाकडून येणारा दांडा पिनियन फिरवतो, पिनियन क्राऊन फिरवतं आणि क्राऊन गाडीची चाकं. आमच्या गाडीत क्राऊनला अडतीस दात आणि पिनियनला नऊ. म्हणजे गाडीचं चाक एकदा फिरायला आतला दांडा सव्वाचार वेळा फिरायचा. चामुंडी टेकडी ती बकरीसारखी चढायची. पण सपाट रस्त्यावर वेग घेतला की इंजिन जिवाच्या आकांताने ओरडायचं. शेजारी बसून बोलायचं तर किंचाळावं लागे. अप्पा म्हणायचे, “एकदा लांब पल्ल्याचे दात घालायचे हिला.” हे मी तीस वर्षं ऐकत होते.

त्या आषाढात माझा लंडनचा मावसभाऊ सुट्टीवर आला आणि त्याने सुटकेसमधून एक जड खोकं काढलं. एक्केचाळीस दातांचं क्राऊन, अकरा दातांचं पिनियन. अप्पांनी आधीच कळवून ठेवलं होतं, आम्हाला काही न सांगता. ही चाकं सुटी विकत नाहीत, कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवतात आणि दोघांवर एकच आकडा कोरतात. अप्पांनी तो आकडा डोळ्यांनी वाचला नाही, अंगठ्याने वाचला. मला ते कौतुकाचं वाटलं.

“आषाढात नवं काम?” आई म्हणाली.

“मोडायचं काम आहे आधी,” अप्पा म्हणाले. “जोडेपर्यंत श्रावण लागेल. मंजू, पान्ह्यांचा डबा काढ.”

गाडीचा मागचा भाग उचलून लोखंडी टेकूंच्या घोड्यांवर ठेवला. चाकं काढली, ब्रेकचे ड्रम काढले, दोन्ही बाजूंचे दांडे वीतभर बाहेर ओढले. तेल काढलं, काळं, दाट, तोच जुना वास. मग आसाच्या पुढच्या तोंडावरचे नट सोडून तो सगळा गड्डा आम्ही दोघांनी मिळून मांडीवर घेतला. एखादं जनावर व्यावं तसा तो एकदम, ओला होऊन बाहेर आला. मी दोन तास फोन बघितला नव्हता.

काढणं हे ताकदीचं काम, घालणं मात्र अकलेचं. पिनियन क्राऊनमध्ये किती खोल बसावं, दोघांमध्ये किती मोकळीक राहावी, हे केसापेक्षा पातळ चकत्या घालून-काढून ठरवायचं. घड्याळासारखं एक यंत्र असतं, त्याची सुई दाताला टेकवून मोकळीक मोजायची. अप्पा क्राऊन हलवायचे आणि म्हणायचे, “वाच, किती?”

“बावीस.”

“जास्त झालं. पंधरा हवं. चकती बदल, पाचची घाल.”

लहानपणी ते मला असंच वाचायला लावायचे. मला वाटलं, नोकरी गेलेल्या मुलीचं मन रमवताहेत.

तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, “शेंदूर आण.”

शेंदूर तेलात कालवून क्राऊनच्या काही दातांना हलका फासायचा आणि पिनियन फिरवायचं. जिथे दात दाताला टेकतो तिथला शेंदूर निघून लोखंड चमकतं. ती चमक दाताच्या मधोमध, भाताच्या दाण्यासारखी लांबट हवी. मुळाशी गेली किंवा शेंड्याला गेली तर आस जन्मभर कण्हत राहतो. मी पिनियन फिरवलं. अप्पा वाकले, मान तिरकी केली आणि बराच वेळ पाहिलं.

“छान. मधोमध बसलंय. आयतु, झालं काम.”

मी पाहिलं. चमक अगदी मुळाशी होती, नखाएवढी बारीक.

“अप्पा, हे मुळाशी आहे.”

“मधोमध आहे.”

“हा बघा, हा दात.” मी बोट टेकवलं.

त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं नाही. बोटाच्या बाजूला, टेबलाच्या कडेकडे पाहिलं. पुन्हा मान तिरकी केली, जणू काही एखादा माणूस दाराआडून डोकावतोय. “प्रकाश कमी आहे,” ते म्हणाले.

सकाळचे अकरा वाजले होते. शेडची दोन्ही दारं सताड उघडी होती आणि वाऱ्याने ढग फाडून ऊन थेट त्या दातांवर आणून टाकलं होतं.

 त्यांनी फडक्याने हात पुसले, एकेक बोट, सावकाश. मग म्हणाले, “बरं. मुळाशी आहे म्हणतेस तर पिनियन खोल गेलंय. पातळ चकती घालू. उद्या.”

मी आत गेले. आई स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती.

“आई, अप्पांना दिसत नाही का?”

तिने सोललेली पाकळी वाटीत टाकली. “कडेचं दिसतंय. मधलं नाही. मधी डाग आहे म्हणतात. दसऱ्यापासून.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“औषध नाही म्हणाले. गाडी चालवायची नाही म्हणाले.”

“पण गेल्या आठवड्यापर्यंत तर चालवत होते!”

“मी असते ना शेजारी,” आई म्हणाली, जसं काही हे पुरेसं उत्तर होतं. “मी केंपु म्हटलं की थांबतात, हसिरु म्हटलं की निघतात. भाजीला आणि देवळाला, अष्टे. एवढंच. लांब नाही जात.”

केंपु म्हणजे लाल, हसिरु म्हणजे हिरवा. मला एकदम आठवलं. आल्यापासून दोन-तीनदा मी फाटकातून त्यांना जाताना-येताना पाहिलं होतं, आणि आईची ती अखंड पुटपुट: थांबा, बस येतेय, बाई आहे, डावीकडे गाय, केंपु, केंपु. मी हसले होते. मला ती बायकोची कटकट वाटली होती. नऊ महिने माझी आई त्यांच्या डोळ्यांच्या जागी बसून म्हैसूरच्या रस्त्यांवरून फिरत होती.

“कुणी आडवं आलं असतं तर?”

लसणाची टरफलं वाऱ्याने ओट्यावरून उडाली. ती गोळा करायला आई उठली आणि पाठमोरीच म्हणाली, “मला कळत नाही होय ते? रोज घरी आले की आधी देवाला हात जोडते मी. पण सांगू कशी? गाडी काढून घेतली तर हे बसणार कुठं? खुर्चीत?”

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मी सरळ विचारलं. “चालवायची नाही, तर दात कशाला बदलता?”

अप्पा चिडले नाहीत. उलट उत्साहाने सांगायला लागले. पोटातली गोष्ट कुणीतरी विचारावी याची वाट बघत असल्यासारखे. “नोडु, बघ मंजू. इंजिन ओरडतं म्हणून बाकीचं ऐकू येत नाही. हे दात बसले की दांडा पावणेचारच वेळा फिरणार. इंजिन कुजबुजेल. मग बस कुठं, स्कूटर कुठं, सगळं कानावर येईल. कान पक्के आहेत माझे. तुझी आई किती दिवस बसणार शेजारी? तिलाही कंटाळा येतो.”

 ज्या चकत्या मी चार दिवस आनंदाने मोजत होते, त्या एका जवळजवळ आंधळ्या माणसाला रस्त्यावर नेण्यासाठी होत्या. आणि त्याचा हिशेब चूक नव्हता, हे त्यातलं सगळ्यात भयंकर. यंत्रापुरता तो अगदी बरोबर होता.

त्या दुपारी ते झोपलेले असताना मी चकत्यांचं पाकीट उचललं आणि आईच्या मेंतीच्या, म्हणजे मेथ्यांच्या, डब्यात तळाशी खुपसलं. आस उघडा, गाडी घोड्यांवर. चकत्यांशिवाय काही जुळणार नाही. जुळलं नाही तर गाडी हलणार नाही. कुणाला काही सांगावं लागणार नाही, कुणाशी भांडावं लागणार नाही. मला फार शहाणपणाचं वाटलं ते.

मग दोन दिवस अप्पा पाकीट शोधत राहिले. “इथंच होतं.” मी म्हणायची, “वाऱ्याने उडालं असेल.” हेही म्हणून झालं. घर लहान झालं. मी या खोलीतून त्या खोलीत जायची, फोन बघायची, उत्तर नसायचं, पुन्हा जायची. आषाढातला शुक्रवार म्हणून सगळी गल्ली चामुंडीच्या दर्शनाला गेली. आईही गेली. मी मात्र घरीच थांबले, पहाऱ्यावर असल्यासारखी.

तिसऱ्या सकाळी चहा घेऊन शेडमध्ये गेले तर अप्पा जमिनीवर होते. दोन्ही हात आणि गुडघे टेकून, पंजे पसरून, सिमेंटवरून हळूहळू चाचपत सरकत होते. टेबलाखालचा कोपरा झाला की भिंतीची कड. पांढरी लुंगी गुडघ्यांवर तेलाने काळी झाली होती. एक वायसर हाताला लागलं, त्यांनी ते बोटांत फिरवलं, जाडी अजमावली, बाजूला ठेवलं, पुढे सरकले. ज्या माणसाच्या टेबलावर प्रत्येक पान्ह्याची आखलेली जागा होती, तो माणूस.

चहा तिथेच ठेवून मी आत पळाले. डबा पालथा केला. पाकीट आणून त्यांच्या हातात दिलं. ते तसेच जमिनीवर बसले. पाकीट नाकाशी नेलं.

“मेंती,” ते म्हणाले.

“मीच लपवलं होतं.”

वर शेडच्या छपराचा पत्रा वाजत होता. वारा तो उचलत होता आणि ठेवत होता.

“मला सांगायचं होतंस,” अप्पा म्हणाले. “नको म्हणायचं होतंस. चोरी कशाला केलीस?”

“तुम्हीही लपवलंत की.”

“मी लपवलं,” ते म्हणाले. पाकीट मांडीवर ठेवून पुन्हा म्हणाले, “हो. मी लपवलं.” मग हात वर केला, मी तो धरून त्यांना उठवलं. त्यांचा पंजा अजून माझ्यापेक्षा बळकट होता.

“गाडी जोडू,” मी म्हटलं. “पण चालवणार मी.”

“आधी जोडू,” अप्पा म्हणाले. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

अजून मला कळत नाही, त्या पाकिटाचं मी काय करायला हवं होतं. माणसाला वाचवायचं म्हणून त्याला गुडघ्यांवर आणावं का? आणि न आणावं तर रस्त्यावरच्या परक्या पोरांचं काय? तीन वर्षांत हा प्रश्न माझ्या डोक्यात एकाच जागी टेकलेला नाही. अप्पा आज व्हरांड्यात बसतात. कोपऱ्यावर वळणारी बस कितव्या नंबरची, हे इंजिनावरून सांगतात आणि बहुधा बरोबर सांगतात. मला नोकरी मिळाली, घरून करायची, म्हणून मी इथेच राहिले. लोक म्हणतात, मुलगी आईबापांसाठी राहिली. तेवढं सरळ ते नव्हतं. मला तेव्हा कुठेही टेकायचं होतं.

तर त्या सकाळी मग आम्ही जोडायला बसलो. आता लपवण्यासारखं काही नव्हतं म्हणून काम भराभर झालं. मी शेंदूर लावायची, फिरवायची, सांगायची: मुळापासून दोन दाणे वर, टोकाकडे जरा झुकलेलं. अप्पा डोळे मिटून ऐकायचे आणि चकतीची जाडी सांगायचे. मग स्वतः नखाने दातावरून हळूच रेघ ओढायचे. शेंदूर जिथे संपतो ती कड त्यांना नखाला लागायची. सहाव्यांदा चमक मधोमध आली. मी काही बोलायच्या आत त्यांनी बोट फिरवलं, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. “हात साबणाने धू,” एवढंच म्हणाले. “शेंदूर विषारी असतो.”

गाडी बाहेर काढली ती एका रविवारी. मी स्टीअरिंगवर, अप्पा शेजारी. आई फाटकात उभी होती. पदर वाऱ्यावर सुटलेला. पहिल्यांदाच तिला काही सांगायचं नव्हतं, तर तिला हात कुठे ठेवावेत ते कळेना. बोगादीच्या रस्त्याने रिंग रोड ओलांडला, घरं विरळ झाली. चौथा गिअर टाकला आणि इंजिन खरंच खाली बसलं. ओरडणं गेलं. मागून आसाचा आवाज येत नव्हता, कण्हणं नाही, चिरकणं नाही. टायरांचा आवाज, वारा, लांबवरचा ट्रॅक्टर. अप्पांनी मान मागे टेकली होती. त्यांना वाटलं होतं तसंच झालं होतं. सगळं ऐकू येत होतं.

एका मोकळ्या जागी ते म्हणाले, “थांबव.” मी गाडी कडेला घेतली. ते उतरले, बॉनेटवर हात ठेवत ठेवत वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि दार उघडून धरलं.

“ऊठ. स्वल्प दूर. थोडंच. रस्ता रिकामा आहे.”

“नाही, अप्पा.”

“ऐकू येतंय मला सगळं.”

आयुष्यात मी त्यांना तोंडावर नाही म्हटलेलं आठवत नाही.  पुढे वीस-पंचवीस पावलांवर रस्त्याच्या कडेला चिंचेचं झाड होतं, आणि झाडाखाली एक बाई कडेवर पोर घेऊन बसची वाट बघत होती. ती काही आवाज करत नव्हती. पोर झोपलेलं होतं.

“अप्पा,” मी म्हटलं, “त्या झाडाखाली कोण उभं आहे सांगा. सांगितलंत तर उठते.”

त्यांनी समोर पाहिलं. मान डावीकडे तिरकी केली, मग उजवीकडे. शर्ट वाऱ्याने फुगून फडफडत होता. फार वेळ पाहिलं त्यांनी, टूलरूममध्ये एखादा आकडा पुन्हा पुन्हा तपासावा तसं.

“कुठलं झाड?” ते म्हणाले.

मी स्टीअरिंग सोडलं नाही.  त्यांनी हातातलं दार हळूच लावलं, कुलूप नीट बसलं का ते दाबून पाहिलं, आणि बॉनेटवरून हात फिरवत परत त्यांच्या बाजूला गेले. बसले. पट्टा लावला.

मी निघाले. बाईपाशी वेग कमी केला. तिने पोराच्या डोक्यावर पदर ओढला. अप्पांनी मान वळवली. इतक्या जवळून, कडेच्या नजरेत, ती त्यांना दिसली असावी.  पुढचे दोन-तीन मैल त्यांनी मान तशीच वळवलेली ठेवली. मी रडत होते आणि अप्पांना ते दिसणार नाही म्हणून डोळे पुसत नव्हते.

मग ते म्हणाले, “काटा किती दाखवतोय?”

“पन्नास.”

“काट्याला नवे दात माहीत नाहीत. तो जुनाच हिशेब सांगतोय.” ओठ हलवत त्यांनी मनात गुणाकार केला. “साडेछप्पन आहे. साडेछप्पन मैल, आणि बघ कशी गप्प आहे.”

“कमी करू?”

त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

“रस्ता मोकळा आहे?”

“मोकळा आहे.”

“मग जाऊ दे,” अप्पा म्हणाले.